पाचशे रुपयांच्या चलानासाठी भांडावं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी, खोपट अशी दिवसाला पाच-सहा घरं होतात, आणि प्रत्येक घराखाली स्कूटर लावायला जागा शोधावी लागते. नो पार्किंगचं एक चलान मी तक्रार करून रद्द करून घेतलं, हे कळल्यापासून पेशंट, त्यांची मुलं, सोसायटीचे वॉचमन, सगळे एकच विचारतात : "ताई, पाचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप करावा का? भरून मोकळं होऊ नये का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आधी फोटो बघा. ई-चलानाचा मेसेज आला की वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर किंवा त्यांच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून चलान उघडता येतं. त्यात जागा, वेळ, कलम आणि फोटो असतो. बरेच जण फोटो न बघताच पैसे भरतात किंवा फोटो न बघताच चिडतात. भांडावं की नाही याचं निम्मं उत्तर त्या फोटोतच असतं.

माझंच सांगते. सकाळी अकराच्या सुमारास मी एका आजींचा गुडघा हळूहळू वाकवत होते. शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा आठवडा होता, त्यामुळे मध्येच हात सोडता येत नव्हता. फोन वाजला तो नंतर बघितला. खाली लावलेल्या स्कूटरचं चलान होतं. फोटो बोटांनी मोठा केला. माझी स्कूटर, मागे गुलमोहराचं खोड आणि वर नुसती पानं. पाटी कुठेच नाही. खाली आले, स्कूटर होती तिथेच उभी राहून वर बघितलं, तरी काही दिसेना. चार पावलं पुढे जाऊन मागे वळले, तेव्हा फांदीच्या आडून लाल वर्तुळाचा चतकोर तुकडा दिसला.

तिथल्या तिथे तीन फोटो काढले. एक गल्लीच्या तोंडावरून, एक स्कूटरच्या जागेवरून आणि एक पाटीच्या अगदी खालून, फांदीसकट. मग चौकीवर गेले. तिथल्या हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, इथून रद्द होत नाही, ॲपवर तक्रार टाका." घरी येऊन टाकली. चारच ओळी लिहिल्या : चलान क्रमांक अमुक, दिनांक आणि वेळ अमुक. नो पार्किंगची पाटी झाडाच्या फांदीने झाकलेली आहे, वाहनचालकाला दिसत नाही. त्याच दिवशी काढलेले तीन फोटो जोडले आहेत. चलान रद्द करावे. पेशंट वाट बघत होत्या, मी रुग्णसेवा करते, हे सगळं लिहावंसं फार वाटत होतं. लिहिलं नाही, कारण त्याने पाटी दिसत नव्हती हे सिद्ध होत नाही. साडेतीन आठवड्यांनी चलान यादीतून गेलं. माझा एकूण वेळ गेला तासभर, चौकीची फेरी धरून.

त्या तासाचे पाचशे रुपये असा हिशोब बहुतेक लोक मांडतात आणि तो मला पटत नाही. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. आपल्या राज्यात वाढलेले दंड डिसेंबर 2021 मध्ये लागू झाले. नो पार्किंगला पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी 1500. म्हणजे चूक नसताना पहिला दंड निमूट भरला, तर पुढे कधी खरंच चूक झाली तेव्हा तिचे 1500 पडतात. माझ्यासारखी दिवसाला सहा वेळा गाडी लावणारी बाई ते 'पहिल्यांदा' उगाच का घालवेल?

दुसरं म्हणजे दंड भरणं ही तडजोड असते. पैसे भरले की प्रकरण मिटलं. "आधी भरते, मग तक्रार करते" असं म्हणू नका. तक्रार करायची असेल तर पैसे भरायच्या आधी. गाडी उचलून नेली असेल तेव्हा मात्र हा मार्ग फारसा उरत नाही. गाडी हवी असते, पेशंट खोळंबलेला असतो, टोइंगचे पैसे आणि दंड भरून सोडवावी लागते. मीही एकदा तशीच भरून आले.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना ते कधी गेलेच नव्हते अशा गावातलं चलान आलं. ते दोन दिवस झोपले नाहीत. फोटो उघडला तर काळी मोटरसायकल, नंबरप्लेटवर चिखल, आणि काकांची तर पांढरी स्कूटर. अशा वेळी डोळे मिटून तक्रार करा. आपल्या गाडीचा नंबरप्लेटसकट फोटो आणि आरसी जोडा, बाकी काही लिहायची गरज पडत नाही. काकांचं चलान आठवड्यात रद्द झालं.

पण एका पेशंटच्या मुलाला मी सरळ सांगितलं, भरून टाक. त्यांच्या रस्त्यावर पी-1, पी-2 आहे. विषम तारखेला एका बाजूला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या. तो रोज रात्री सवयीने बाजू बदलायचा. 31 तारखेच्या रात्रीही बदलली. पण 31 विषम आणि 1 पण विषम! त्या रात्री गाडी हलवायचीच नसते. त्याचा हेतू चांगला होता, पण फोटोत गाडी चुकीच्या बाजूला होती आणि पाटी लख्ख दिसत होती. तिथे भांडून काय मिळणार?

लोक अदालतीबद्दलही विचारता. थकलेल्या चलानांसाठी लोक अदालतीत बोलावल्याचा मेसेज आला की लोकांना वाटतं, आता आपली बाजू मांडता येईल. पण ती जागा समेटाची. तिथे जे ठरतं ते दोघांच्या संमतीने आणि त्यावर अपील नसतं. खरं कोण, खोटं कोण याचा निवाडा हवा असेल तर दंड न भरता मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहावं लागतं. ठाण्यात त्यासाठी कोर्ट नाक्याला फेऱ्या आल्या, आणि रोजंदारीवरच्या माणसाची एका फेरीत पाचशेहून जास्त कमाई बुडते. तिथपर्यंत जा असं मी कोणालाच सांगत नाही. ॲपवर तासभर द्या, एवढंच सांगते.

ज्यांना या तासाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंत तो मेसेजच पोचत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याकडे पार्सल आणणाऱ्या मुलाची बाइक जुनी घेतलेली, अजून आधीच्या मालकाच्या नावावर. चलानं गेली त्या मालकाच्या फोनवर. याला कळलं तेव्हा चार साचली होती, आणि कुठे, का, हे त्याला आठवणंही शक्य नव्हतं. त्याला मी आधी गाडी नावावर करून घ्यायला लावली आणि आरसीला स्वतःचा मोबाइल नंबर जोडायला लावला. तुमचाही नंबर जुना असेल तर आजच बदला.

चलान रद्द झालं तरी गुलमोहराची फांदी तशीच होती. आजींच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी तेच तीन फोटो दिले. त्यांनी महापालिकेकडे फांद्या छाटण्यासाठी अर्ज केला आणि पावसाळ्याआधी त्या उतरल्या. आता पाटी गल्लीच्या तोंडावरूनच दिसते. मी स्कूटर मागच्या रस्त्याला लावते आणि आजींकडे चालत जाते.