आमची वाटचाल: निपाणीची वखार ते एस्तेली

आमच्या घरात तंबाखूची पारख नाकाने होते. निपाणीला तात्यांची वखार होती. पोत्यात हात घालून मूठभर माल हुंगला की ते भाव सांगून मोकळे. कडक माल तो चांगला माल, एवढंच मी शिकलो होतो. २०१२ साली निकाराग्वात एस्तेलीला सहा टेबलांचा सिगारचा कारखाना काढला तेव्हाही डोक्यात तेच होतं, आणि त्यापायी पहिला लॉट बुडाला.

एस्तेलीच्या काळ्या, ज्वालामुखीच्या मातीतलं पान जहाल. निकाराग्वातल्याच हालापा भागातलं मऊ, गोडसर. तिथल्याच कोंदेगाचं दोन्हींच्या मधलं. शिवाय एकाच झाडावर तीन तऱ्हा. खालच्या अंगाचं सेको भराभर जळतं, मधलं व्हिसो वास देतं, शेंड्याचं लिहेरो ऊन खाऊन जाड नि कडक होतं, पण विस्तव धरत नाही. मी लिहेरो सढळ हाताने घातलं. सिगार मध्येच विझायला लागले. मियामीच्या एका दुकानदाराने पेट्या परत पाठवल्या, सोबत साधी चिठ्ठीही नाही.

आमचे मायेस्त्रो, म्हणजे मुख्य कारागीर, मूळचे क्युबातल्या पिनार देल रिओचे. क्युबात १९६० मध्ये सिगारचे कारखाने सरकारजमा झाले, १९६२ मध्ये अमेरिकेने क्युबाचा व्यापारच बंद केला. त्या धामधुमीत बाहेर पडलेल्यांपैकी त्यांचं कुटुंब. त्यांनी परत आलेला एक सिगार उभा चिरला. म्हणाले, "तुमच्या विडीत खपेल हे. इथे लिहेरो अर्धं पान, तेही बरोबर मधोमध."

'बी क्युबाचं, म्हणून सिगार क्युबन' असं आमच्या धंद्यात सर्रास छापतात. मला ते पटत नाही. कोरोहो ही क्युबातल्या वुएल्ता आबाहो भागात सिगारच्या वरच्या वेष्टणासाठी तयार झालेली तंबाखूची जात. चवीला अव्वल, पण निळ्या बुरशीपुढे हतबल. क्युबातच ती मागे पडली आणि १९९०च्या दशकात नव्या संकरित जाती आल्या. उरलेलं बी इथे रुजवलं तरी पान इथल्या मातीचंच होतं. आम्ही पेटीवर नुसतं 'एस्तेली' लिहितो. त्यामुळे दोन गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत.

खरा पैसा अडकतो तो ढिगात. निपाणीला पान शेतातच उन्हात वाळतं. इथे ते दीडेक महिना छपराखाली टांगतात, मग पान मुरायला पिलोन रचतात, म्हणजे छातीभर उंचीची गंजी. ती आतून तापत जाते. फार तापली की मोडायची, आतलं बाहेर करून पुन्हा रचायची. अमोनियाने डोळ्यांतून पाणी येतं. लिहेरोचं हे काम वर्षाच्या वर चालतं. बँकेला हे समजावून सांगणं सिगार वळण्याहून अवघड.

२०१६ साली तात्या आले. भाषेचा एक शब्द येत नव्हता. पिलोनमध्ये कोपरापर्यंत हात घातला, पान हुंगलं आणि म्हणाले, "कच्चा आहे अजून." सकाळीच मायेस्त्रोंशी माझा त्यावरून वाद झाला होता, मला तो माल टेबलावर घ्यायचा होता. मुकाट्याने गंजी पुन्हा झाकली, आणखी चार महिने.