एकच क्लब आणि ओली पुळण

गुहागर, रविवार रात्र

गोल्फमध्ये क्लब (बॉल मारायची काठी) मोठा की हात, हा वाद निघाला की सेव्हे बालेस्टेरोसचं नाव येतंच. उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्या गावचा पोरगा, भावाने दिलेला जुना तीन नंबर आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब, घेऊन समुद्राच्या वाळूत खेळला आणि पुढे पाच मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धा, जिंकला: तीन वेळा ब्रिटिश ओपन, दोनदा मास्टर्स. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. पण तिच्यावरून "हात चांगला असेल तर क्लब कुठलाही चालतो" असं म्हणतात, ते पटत नाही.

ओहोटीला किनारा रिकामा असला की मीही तीन नंबर घेऊन उतरतो. पाणी नुकतंच ओसरलेली पुळण घट्ट असते. बॉलच्या जरा मागे लागलं की क्लब रुततो, बॉल जागचा हलत नाही. तीन नंबरचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, जवळजवळ उभा. बॉल वर चढवायचा तर तो उघडावा लागतो, मनगटं सैल ठेवावी लागतात, आणि तरीही नेमकं बॉललाच लागावं लागतं. त्या क्लबमध्ये जे नव्हतं ते सेव्हेला हातांनी भरून काढावं लागलं. क्लबने काही फरक पडत नसता, तर हे हात तसे घडलेच नसते. आणि स्पर्धेत उतरल्यावर त्याच्या बॅगेतही पूर्ण संच होताच की. नियमाने चौदा क्लब चालतात, ते कोणी उगाच वाहत नाही. मऊ वाळूतून बॉल काढायला जीन सारझेन या गोल्फरने सँड वेज हा जाड तळाचा क्लब तयार केला आणि १९३२ ची ओपन जिंकली. तोच जाड तळ आमच्या ओल्या पुळणीवर मात्र उसळतो आणि बॉलच्या पोटाऐवजी कमरेला लागतो. जमीन बदलली की हत्याराचा गुण बदलतो, हे इथे पायाखालीच कळतं.

खाडीवर पाग टाकणारे बघा. हात कितीही बसलेला असो, जाळं फेकण्याआधी घेराला लावलेल्या शिशाच्या गोळ्या चाचपून बघतात. कसबी माणूसच हत्याराबाबत जास्त चोखंदळ असतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

जुना गोल्फर हॅरी व्हार्डन सहा वेळा ओपन जिंकलेला. १९०२ साली मात्र सँडी हर्डने रबरी गाभ्याचा नवा हॅस्केल बॉल घेतला, आणि गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकाच्या, जुन्या बॉलने खेळणारे व्हार्डन आणि जेम्स ब्रेड एक फटका जास्त लागून मागे राहिले. एक फटका! दोघांच्या हातात काही कमी नव्हतं.

पुतण्याला नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, घ्यायचाय, म्हणून हे सगळं डोक्यात आलं. "काका, सगळे माझ्या पुढे मारतात," म्हणाला. आता ड्रायव्हरचं डोकं ४६० घन सेंटीमीटरच्या वर नेता येत नाही, फेसच्या उसळीलाही नियमाची मर्यादा आहे. म्हणजे मधोमध लागलेला फटका नवा क्लब फार लांब नेणार नाही. कडेला लागलेला जरा सावरून घेईल. त्याला म्हटलं, आधी शाफ्ट (दांडा) आणि लॉफ्ट (फेसचा कल) तुझ्या स्विंगला जुळतात का ते बघून घे, उरलेले पैसे कोचला दे. पट्टीच्या खेळाडूचा शेवटचा एक फटका साधनाने वाचतो, तुझे अजून दहा फटके हाताने वाचायचे आहेत. त्याला ते फारसं आवडलं नसावं.

एक गोष्ट मात्र मी स्वतः लगेच करणार आहे. खाऱ्या दमट हवेने माझ्या क्लबच्या ग्रिप कडक आणि गुळगुळीत झाल्यात. घाम आला की क्लब मुठीत फिरतो, मग घट्ट पकडावं लागतं आणि खांद्यापर्यंत सगळं आखडतं. पावसाळ्याआधी सगळ्या बदलून घेतो, आणि वेजला तेलाचा हात देतो.