मांजरपाटाच्या पडद्यावर नॅट

आमच्या गल्लीतल्या गणपतीत जो पहिला शनिवार येईल त्या रात्री पडदा लागतो. ‘पडदा लागतो’ म्हणजे सिनेमा दाखवतात. आता घरोघरी टीव्ही आहे, पोरासोरांच्या हातात मोबाईल आहे. तरीही त्या रात्री माणसं लवकर जेवणं उरकतात आणि जुनी चादर काखेत मारून मांडवापुढं जागा धरायला येतात. सोलापुरात चादरीला काय तोटा! आमचा तर पूर्व भाग. कन्ना चौकातून आत शिरलं की मागांची खडखड सुरू होते ती साखर पेठेपर्यंत सोबत करते.

पडदासुद्धा इथलाच. गल्लीतल्या एका शेडमध्ये विणलेल्या मांजरपाटाचे दोन पन्हे जोडून तो शिवला, त्याला पस्तीसेक वर्षं झाली असतील. उत्सवाआधी बायका त्याला खळ घालून वाळवतात आणि दोन टोकं धरून ताणतात. तरी मधली उभी शिवण काही लपत नाही. पडद्यावरचा माणूस डावीकडून उजवीकडं चालत गेला की शिवणीपाशी त्याचं नाक क्षणभर वाकडं होतं. लहानपणी आम्ही पोरं त्या क्षणाची वाट बघत बसायचो. पुढं पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकचा पडदा भाड्यानं आणायची सूचना दोन-तीनदा आली, पण दरवेळी म्हाताऱ्यांनीच ती मोडून काढली. बरंच केलं त्यांनी.

आमच्या लहानपणी 16 मिलिमीटरचं यंत्र यायचं. रीळ बदलायला वेळ लागे, तेवढ्यात भाजक्या शेंगा खाऊन व्हायच्या आणि सगळ्या मांडवभर टरफलं. पुढं व्हीसीआर आला, मग लॅपटॉप. पौराणिक झाले, विनोदी झाले, एका वर्षी संतपट झाला. पुष्कळ वर्षं एकमेकांत मिसळून गेली आहेत. एक वर्ष मात्र तारखेसकट लक्षात आहे.

ते 2015 साल. 1965 च्या युद्धाला 50 वर्षं होत होती. मंडळातल्या एका कॉलेजच्या पोरानं हट्ट धरला की यंदा नॅट या लढाऊ विमानावरचा माहितीपट लावायचा. बैठकीत कुरकुर झाली. माहितीपट म्हटल्यावर लोक उठून जातील, बायका तर बसणारच नाहीत, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. पोरगं हटलं नाही. गणपती 17 सप्टेंबरला बसले आणि शनिवार आला 19 तारखेला. बरोबर 50 वर्षांपूर्वी, 19 सप्टेंबर 1965 ला, पाकिस्तानातल्या चाविंड्याच्या आकाशात आपले वैमानिक डेन्झिल कीलर यांनी नॅटमधून पाकिस्तानचं सेबर विमान पाडलं होतं. तारीख कुणी जुळवून आणली नव्हती. माहितीपटात ती उच्चारली गेली तेव्हा मांडवातल्या चार-पाच जणांनी एकदमच म्हटलं, “आजच की वो!”

लोक उठून जातील ही भीती पहिल्या दहा मिनिटांतच गेली. 1 सप्टेंबर 1965 चा प्रसंग आला. जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसलेत, संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण हवाईदलप्रमुख अर्जन सिंग यांना विमानं वापरायची परवानगी देतात आणि सूर्य मावळायच्या आत पठाणकोटहून विमानं उठतात. पडद्यावर यशवंतरावांचा चेहरा दिसला आणि मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. ज्यांनी त्यांना बघितलं होतं, ऐकलं होतं, त्या पिढीच्या त्या टाळ्या. माझ्या शेजारचे काका डोळे पुसत नुसतंच म्हणाले, “कराडचा माणूस.” पण त्याच संध्याकाळी जुनी झालेली चार व्हॅम्पायर विमानं आपण गमावली, हे निवेदकानं सांगितलं आणि टाळ्या तिथंच थांबल्या.

मग नॅट आलं. पाच-सहा माणसं त्याला हातांनी ढकलत नेताहेत, असं दृश्य होतं. आमच्या पोरांना तोवर जवळून ठाऊक असलेलं विमान म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतलं, आत बसून फोटो काढायचं पुठ्ठ्याचं. “एवढंच?” एक पोरगं मोठ्यानं म्हणालं. खरंच एवढंच. लांबी जेमतेम 29 फूट, पंखांचा पसारा 22 फूट, वजन रिकाम्या सेबरच्या निम्म्याहून कमी. लढाऊ विमानं विनाकारण जड आणि महाग होत चालली आहेत, असं मानणाऱ्या टेडी पेटर या इंग्रज अभियंत्यानं ते आखलेलं. इंग्लंडच्या हवाईदलानं ते फक्त शिकाऊ वैमानिकांसाठी घेतलं. आपण ते लढायला घेतलं आणि बंगळूरला बांधलं. समोर होतं कोरियाच्या युद्धात नाव कमावलेलं अमेरिकी सेबर.

3 सप्टेंबरचा डाव पोरांना फार आवडला. आपली मिस्टेअर विमानं उंचावरून आमिषासारखी गेली आणि नॅट खाली, झाडांच्या शेंड्यांलगत लपून आली. सेबर आमिषावर झेपावली, तशी नॅट वर उसळली. “आपली पोरं कबड्डीत असंच करत्यात बे,” कुणीतरी ओरडलं. डेन्झिल यांचे भाऊ ट्रेव्हर कीलर यांनी सेबर टिपलं असं निवेदक म्हणाला आणि मांडव शिट्ट्यांनी दणाणला. घायाळ झालेलं ते सेबर तळावर परतलं असं पाकिस्तान म्हणतं, हेही माहितीपटात होतं. त्याच दिवशी आपलं एक नॅट वाट चुकून पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि शत्रूच्या हाती पडलं, हेसुद्धा होतं. ते विमान आज कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. ते चित्र पडद्यावर आलं तेव्हा कुणी शिटी मारली नाही, कुणी हुर्योही केली नाही. आमच्या गल्लीचा मला तेव्हा अभिमान वाटला.

पण मला खरं सांगायचंय ते जॉबरमामांबद्दल. मामांचं आयुष्य गिरणीत आणि पुढं यंत्रमागांच्या शेडमध्ये गेलं. माग नुसत्या आवाजावरून दुरुस्त करणारा माणूस. दिवाळीआधी माग बंद पडला की त्यांच्या दारात रांग लागे. त्या रात्री ते खांबाला टेकून, हाताची घडी घालून बसले होते. तोवर चकार शब्द बोलले नव्हते. निवेदक सांगू लागला की नॅटवर 30 मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, पण 1965 साली त्या ऐन मोक्याला अडकायच्या. वैमानिक शत्रूच्या पाठीशी पोचलाय, बोट घोड्यावर आहे आणि तोफ मुकी. मामा ताठ बसले.

“पट्टा अडकत असणार,” ते म्हणाले. मग मान वळवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “गोळ्यांचा पट्टा वळणावर चिमटत असंल. जागा लहान, यंत्र लहान. धोटा जसा पेटीत अडकतोय, तसं.”

मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो धोटा. आमच्या मांडवात हे कुणाला सांगावं लागत नाही. धोटा अडकला की ताण्याचे धागे सटासट तुटतात आणि विणकराची दिवसाची मजुरी जाते. बायांनी माना डोलावल्या. तोवर विमान आकाशातली दूरची गोष्ट होती. आता ते त्यांच्या शेडमध्ये आलं. “मग दुरुस्त कोण करायचं त्येला?” एका मावशींनी विचारलं. पुढच्याच दृश्यात विमानाखाली उताणे पडून काम करणारे तंत्रज्ञ दिसले. ग्रीसनं माखलेले हात, उघडे दंड. मामांनी त्या रात्री एकदाच टाळी वाजवली, ती तिथं. त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवली. असल्या माहितीपटात कारागिरांवरचा तो अर्धा मिनिट बहुतेक ठिकाणी विसरलाच जात असेल. आमच्याकडं सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली.

1971 चा भाग सुरू झाला आणि आवाज गेला. भाड्यानं आणलेल्या स्पीकरची वायर जळाली होती. चित्र चालू, आवाज नाही. लाइट लावा, बंद करा, असा गलका झाला. मग कॉलेजच्या त्या पोरानं हातातल्या बॅटरीचा उजेड खाली धरून सांगायला सुरुवात केली. त्याला सगळं पाठ होतं. 22 नोव्हेंबर, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरचं बोयरा, कलकत्त्याच्या डमडमहून उठलेली चार नॅट, दोन सेबर पाडली. पोर भराभर सांगत गेलं. मग त्याचा आवाज उतरला. 14 डिसेंबर, श्रीनगर. सहा सेबर तळावर चालून आलेली. धावपट्टीवर बाँब पडताहेत आणि त्या धुरळ्यातून निर्मलजित सिंग सेखों विमान वर घेतात. जोडीदाराशी ताटातूट होते, ते एकटेच उरतात. एका सेबरवर मारा करतात, दुसऱ्याला पेटवतात. मग बाकीची त्यांना घेरतात.

पडद्यावर एक नॅट डोंगरांपुढून जात होतं, शिवण ओलांडून पलीकडं. कुणी हललं नाही. पलीकडच्या शेडमध्ये रात्रपाळीचे माग चालू होते, त्यांची खडखड तेवढी ऐकू येत होती. माझ्या पुढं एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या आज्जी बसल्या होत्या. मराठी त्यांना कळतं, पण अडखळत. नातू त्यांना हळू आवाजात तेलुगूत सांगत होता. त्यांनी काहीतरी विचारलं. नातू गप्प. त्यांनी परत विचारलं, तेव्हा त्यानं मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “नाही आज्जी. विमानाचे तुकडे सापडले. ते नाही सापडले.”

आज्जींनी पदर तोंडाला लावला. हवाईदलातलं एकमेव परमवीर चक्र सेखोंना मरणोत्तर दिलं गेलं, हे पोरानं सांगितलं. त्यावर टाळ्या नाही झाल्या. कुणीतरी “गणपती बाप्पा” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

नंतर खिचडीचा प्रसाद झाला. पानावर शेंगाचटणी होती. माणसं पांगायला तयार नव्हती. ज्यांना 1965 आठवत होतं ते काळ्या कागदानं झाकलेल्या खिडक्यांचं, रेडिओभोवती जमायच्या गर्दीचं बोलत राहिले. घरी जायला एक वाजला.

सकाळी दार उघडलं तर गल्लीत चार पोरं गुडघ्यांवर बसलेली. एकाच्या हातात खडू, दुसऱ्याकडं कापड मोजायची टेप. रस्त्यावर नॅट काढायला घेतलं होतं, अगदी खऱ्या मापाचं. 29 फूट लांबी नीट बसली. पंखांना मात्र गल्ली पुरेना. डावा पंख गटाराच्या फरशीवरून पुढं जाऊन आज्जींच्या पायरीवर चढला होता. आज्जींनी त्या दिवशी पायरीवर सडा टाकला नाही. आरतीला येणारी माणसं विमानावर पाय न देता कडेकडेनं जात होती.

जॉबरमामा दुधाची पिशवी घेऊन आले आणि थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग पिशवी कट्ट्यावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि पोराच्या हातातला खडू मागून घेतला.

“तोफा राहिल्या की रं,” ते म्हणाले. “काल बघितलं नव्हं? हवा आत घ्यायचं तोंड हाय नव्हं, त्येच्या कडंला. एक इथं, एक तिथं.” आणि थरथरत्या हातानं त्यांनी दोन रेघा ओढल्या.