तुम्ही विचारलंत म्हणून: खाली केलेली व्हर्टस मी परत वर का केली

माझ्या फोक्सवॅगन व्हर्टसला मी मूळच्यापेक्षा आखूड, ताठ स्प्रिंगा टाकून ती 35 मिलिमीटर खाली बसवली होती, आणि नंतर परत स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ उंचीवर, आणली. भेटणारा प्रत्येक गाडीवाला मला हेच विचारतो. "तुझी व्हर्टस खाली होती ना रे, किती भारी बसायची, परत स्टॉकवर का आणलीस?" आणि त्याचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो, "बरं मग मी कुठल्या स्प्रिंगा टाकू, 30 मिलिमीटरच्या की 40 च्या?" दीड वर्ष मी सगळ्यांना एकच सांगत आलो की खाली घासायची म्हणून काढल्या. ते खरं नाही. गाडी एकदाही घासली नाही. रिकाम्या व्हर्टसला 179 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आहे, त्यातून 35 गेले तरी 144 उरतात, आणि तेवढ्यात पुण्यातले जवळपास सगळे स्पीडब्रेकर निघतात, जरा तिरकी घेतली की बाकीचेही निघतात. खरं कारण सांगायचं टाळत होतो कारण ते सांगायला वेळ लागतो आणि मधेच समोरचा म्हणतो "अरे मग कॉइलओव्हर टाकायचे ना", म्हणजे उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच. म्हणून एकदा सगळं लिहितो, परत विचारू नका.

आधी हे कबूल करतो की मला ती गाडी फार आवडायची. स्टॉक व्हर्टस उंच आहे, जीटी, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनची, असली तरी चाक आणि त्यावरची कमान यांच्यामध्ये माझी चार बोटं आरामात जायची, आणि मला रोज पार्किंगमध्ये तेच दिसायचं. दीडशे पीएस ताकद, 250 न्यूटन मीटर टॉर्क, आणि उभी राहिली की वाटायचं पायघोळ लेंगा वर खोचून उभी आहे. स्प्रिंगा टाकल्यावर खंबाटकीच्या एस वळणात पहिल्यांदा घातली तेव्हा स्टिअरिंग वळवलं आणि गाडी लगेच वळली, आधी कलंडून मग वळणं हा प्रकार संपला. हे खोटं नाही, माझी कल्पना नाही, आजही त्याची आठवण येते. त्यामुळे "कंपनीच्या इंजिनिअरला तुझ्यापेक्षा जास्त कळतं" असं म्हणणाऱ्यांनी माझं नाव पुढे करू नये. कंपनीचा इंजिनिअर सगळ्या देशासाठी गाडी बनवतो, त्याला खड्डे, वॉरंटी, पाच माणसं, सगळं एका स्प्रिंगमध्ये बसवायचं असतं. मी फक्त माझ्यासाठी बदल केला. चूक तिथेच होती, पण ती चूक म्हणजे "बदल केला" ही नाही, "माझ्यासाठी" ही आहे.

ज्या गॅरेजमध्ये बसवल्या तिथे मी विचारलं होतं की शॉकअप बदलावे लागतील का. ते म्हणाले 35 पर्यंत स्टॉकवर चालतं, सगळेच तसं करतात. मी मान डोलावली. शॉकअपचे पैसे वाचत होते, आणि मला ते उत्तर हवंच होतं. त्या दिवशी मी जे वाचलेलं होतं ते सगळं विसरलो असं नाही, बाजूला ठेवलं. शॉकअपचं काम स्प्रिंगला आवरायचं, स्प्रिंग जास्त ताठ झाली की ती उसळतेही जास्त जोरात, तिला आवरायला रिबाउंडला, म्हणजे शॉकअप परत उघडताना, जास्त दम लागतो. शिवाय गाडी खाली बसली की शॉकअपचा दांडा कायमचाच 35 मिलिमीटर आत गेलेला, म्हणजे दाबला जायला जागा तेवढी कमी. बिलस्टाइन बी 6 आणि बी 8 असे दोन वेगळे शॉकअप उगाच नाही विकत, बी 6 मूळ उंचीला आणि बी 8 आखूड, खाली केलेल्या गाडीसाठी. हे मला माहीत होतं. मी स्वतः इतरांना सांगायचो.

आता शिमग्याचं सांगतो.

मार्चमध्ये गावी निघालो होतो, ताम्हिणीमार्गे. बाबांचे गुडघे म्हणून ते पुढे, मागे माझ्या पाठीमागे बायको, मधे लेक, डावीकडे आई. डिकीत दोन बॅगा आणि देवळातल्या जेवणासाठी घेतलेली तूरडाळ आणि साखर, मिळून 50 किलो. त्याआधी सात महिने त्या स्प्रिंगांवर मी गाडी चालवली होती आणि पाच माणसं प्लस सामान असं एकदाही नव्हतं, ऑफिसला मी एकटा, रविवारी फार तर आम्ही तिघं. घाट उतरलो, निजामपूर मागे टाकलं, संध्याकाळचे सहा-साडेसहा, ऊन समोरून डोळ्यात, आणि एका मोठ्या झाडाच्या सावलीत बिनपट्ट्यांचा स्पीडब्रेकर. मी 45 वर होतो. पुढचं चाक चढायच्या आधी ब्रेक मारला आणि सोडला, पुढची बाजू नीट गेली, मला वाटलं सुटलो. मग मागचं गेलं आणि मागून आवाज आला. मऊ आवाज नाही, लोखंडावर हातोडा मारल्यासारखा. लेक हसली, तिला झोका वाटला. आईने फक्त "आई गं" म्हटलं, तेही हळू.

मी थांबलो. विचारलं लागलं का. म्हणाली, "काही नाही रे, कमरेत उसण भरली असेल, चल, काळोख होईल."

मी चल म्हणालो आणि निघालो. पुढचा पाऊण तास आई काही बोलली नाही आणि मी आरशात बघत होतो, ती डोक्यावरच्या हँडलला दोन्ही हातांनी धरून सीटपासून जराशी वर उचलून बसली होती. मी हळू चालवली, पण दुसरं काही केलं नाही. का नाही केलं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी तिला अंथरुणातून उठता येईना. पालखी दारात आली तेव्हा ढोल इतके जवळ वाजत होते की मधल्या खोलीतली भांडी थरथरत होती, आणि आई त्याच खोलीत खाटेवर उताणी पडून होती. ओटीचं ताट तिने आदल्या आठवड्यात पुण्यातच भरून ठेवलं होतं, खण, नारळ, तांदूळ. माझ्या बायकोने ओटी भरली. आई आतून विचारत होती, "नारळाची शेंडी देवाकडे केलीस ना?"

माणगावला एक्सरे काढला. कमरेचा पहिला मणका, एल 1, पुढच्या बाजूने चेपलेला. कॉम्प्रेशन फ्रॅक्चर. पुण्यात आल्यावर हाडांची घनता मोजली, टी स्कोअर उणे 3.1, उणे अडीचपासूनच ऑस्टिओपोरोसिस धरतात. तीन महिने पट्टा. सकाळी तो बांधताना वेल्क्रो उचकटण्याचा जो आवाज येतो तो मला बाथरूममध्येही ऐकू यायचा.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, माझ्या गाडीमुळे झालं का. ते म्हणाले, मागच्या सीटवर स्पीडब्रेकरने मणका चेपलेले पेशंट त्यांच्याकडे नेहमी येतात, रिक्षातून येतात, एसटीतून येतात, एकदम नव्या मोठ्या गाड्यांतूनही येतात. या हाडांना निमित्त लागतं. म्हणाले, "तुमची गाडी मूळ असती तर झालं नसतं असं मी सांगू शकत नाही. झालंच असतं असंही सांगू शकत नाही." आई तर अजून म्हणते की तो स्पीडब्रेकरच वाईट होता. होताच. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचं प्रमाण आहे, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असा गोलसर उंचवटा, ताशी 25 किलोमीटरने जायला. तो जो होता तो हातभर रुंद डांबराचा बांध होता. आणि माझा वेगही जास्त होता. हे सगळं मी स्वतःला शंभर वेळा सांगितलंय.

पण मग मागचे शॉकअप उतरवले तेव्हा मी गॅरेजमध्ये उभा होतो. दांड्यावर बंप स्टॉप असतो, फोमसारख्या पॉलियुरेथेनचा पिवळट ठोकळा, सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की धातूवर धातू आपटू नये म्हणून. डाव्या बाजूचा हातात घेतला तर खालची कड भुगा होऊन बोटांना लागली, आणि मधे उभी चीर, नखाने उघडत होती. सात महिन्यांत. म्हणजे तो ठोकळा कधीतरी अडीअडचणीला नाही, रोज काम करत होता, मी एकटा असतानाही, आणि त्याला मी "स्पोर्टी फील" म्हणत होतो.

मग कागदावर हिशेब मांडला, जो स्प्रिंगा घ्यायच्या आधी दहा मिनिटांत झाला असता. मागे बसणारे तीन आणि डिकी धरून मागच्या ॲक्सलवर साधारण 200 किलो जास्त येतं. एका चाकावर 100 किलो, म्हणजे 981 न्यूटन. चाकापाशी स्प्रिंगचा ताठरपणा समजा 25 न्यूटन प्रति मिलिमीटर धरला तर गाडी नुसत्या वजनाने 39 मिलिमीटर बसते. स्प्रिंग थोडी ताठ म्हणून 30 धरा, तरी 33. त्यात माझे आधीच घालवलेले 35. दोन्ही मिळून जवळजवळ सात सेंटीमीटर स्पीडब्रेकर यायच्या आधीच संपलेले. आणि आई बसली होती ती जागा बरोबर मागच्या चाकाजवळ.

इथे माझा जुना मी वाद घालतो. तो म्हणतो, मग स्प्रिंगांना जुळणारे शॉकअप घेतले असते, 20 मिलिमीटरच खाली केली असती तर? कदाचित ठीक झालं असतं. माझा मित्र तशीच चालवतो, चार माणसं घेऊन महाबळेश्वरला जातो, मी मागे बसलोय, खरंच चांगली आहे. उलट काही ठिकाणी स्टॉकपेक्षा चांगली, कारण शॉकअप एका दमात दणका गिळतो आणि गाडी डुलत बसत नाही. मग मी का नाही करत? माझ्याकडे याला उत्तर नाही, नुसती भीती आहे, आणि भीतीला हिशेब दाखवून उपयोग होत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, कुठल्या टाकू. ब्रँड मी सांगणार नाही. तुम्ही मला कमानीचा फोटो पाठवता आणि विचारता किती गॅप राहील. मला हे सांगा की मागे कोण बसतं, वय काय, महिन्यातून किती वेळा गाडी पूर्ण भरते. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधा, पन्नास रुपयांची पुडी येते, सगळ्यांना बसवून, सामान भरून, तुमच्या नेहमीच्या रस्त्याने जाऊन या आणि मग वाकून बघा तो टाय कुठपर्यंत सरकलाय. हे स्टॉक गाडीवरच करा. बंप स्टॉपला आताच टेकत असेल तर तुमच्याकडे द्यायला 35 मिलिमीटर नाहीतच. आणि पुढच्या चाकांना मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन आहे हे लक्षात घ्या, जास्त खाली नेली की चाक खालून धरणारे लोअर आर्म आडवे होतात, रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलंडते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा भरभर खाली जातो, म्हणजे जे कलंडणं घालवायला खर्च केला त्यातलंच थोडं परत येतं, ते लपवायला अजून ताठ स्प्रिंग. अलाइनमेंट करून घ्या, टो, म्हणजे चाकं वरून बघता आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतोच. मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच तुळई, आहे, तिथे कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, ॲडजस्ट करायची सोय नाही.

आता गाडीला मूळ स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे बंप स्टॉप आहेत. चार बोटांची जागा परत आलीये आणि ती मला अजूनही खुपते. आई आता पुढे बसते, बाबा मागे. रस्त्यात लांबवर काही उंचवटा दिसला की मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी तिचा हात वरच्या हँडलला गेलेला असतो.

काढलेल्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत, गोणपाटात बांधून. तिघांनी किंमत विचारली. विकायच्या नाहीत, पण ठेवल्यात कशाला तेही मला सांगता येत नाही.