रामेनच्या दुकानात आग्रह नसतो

रामेनच्या, म्हणजे गरम सूपमधल्या जपानी नूडलच्या, दुकानातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे कुणी "अजून घे ना थोडं" म्हणत नाही. "एवढंच? बरं नाही का तुला?" असंही नाही. मी ज्या घरात वाढले तिथे ताटावर आडवा हात धरून नको नको म्हणणारा पाहुणा आणि त्या हाताच्या फटीतून जिलबी सोडणारे काका हे पंगतीतलं ठरलेलं दृश्य, आणि रोजच्या जेवणातसुद्धा कोण किती पोळ्या खातंय यावर आजीची नजर. प्रेमच असतं ते, मान्य आहे, पण त्या प्रेमात पोटाला कुणी काही विचारत नाही. अशा घरातनं उठून टोकियोत राहायला आलेल्या बाईला रामेनच्या दुकानात किती निवांत वाटत असेल याचा विचार करा.

आता रामेनची दुकानं इथे गल्लोगल्ली आहेत, पण मी बोलतेय ती इचिरानबद्दल. मूळची दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरच्या फुकुओका शहराची चेन, १९६० साली एका छोट्याशा दुकानापासून सुरू झालेली, आणि आता टोकियोत शिबुया, शिंजुकु, उएनो, कुठल्याही शाखेत जा, बाहेर रांग असते आणि रांगेतल्या बऱ्याच जणांच्या हातात सुटकेस. ऑफिसमधले जपानी लोक यावर नाक मुरडतात. "ते टुरिस्ट लोकांचं, चल तुला खरं दुकान दाखवतो" असं प्रत्येकाचं असतंच, आणि ते खरं दुकान प्रत्येकाचं वेगळं असतं. मी त्यांच्याबरोबर जाते, खाते, मनापासून छान म्हणते आणि एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा इचिरानलाच जाऊन बसते. लोकप्रिय आहे म्हणून वाईट असलंच पाहिजे असं थोडंच आहे.

दारातच मशीन असतं, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट घ्यायचं. हे फक्त इचिरानचं नाही, इथल्या कितीतरी रामेनवाल्यांकडे असंच असतं, म्हणजे जो माणूस नूडल उकळतोय त्याला सुट्ट्या पैशांना हात लावायला लागत नाही. नवीन आलेल्यांना इथले लोक एकच सांगतात, काही कळलं नाही तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाब, दुकानाची खासियत बहुतेक तिथेच असते. जुलै २०२४ मध्ये जपाननं नव्या नोटा काढल्या तेव्हा सगळ्यात जास्त कोण वैतागलं असेल तर हे छोटे रामेनवाले, कारण जुन्या मशीनला नवी नोट ओळखू येईना आणि मशीन बदलायचं म्हणजे बिचाऱ्यांचा केवढा तरी खर्च. त्यात गिऱ्हाईक कसं, तर बाऊलची किंमत हजार येनच्या वर गेली की कपाळाला आठ्या, याला इथे चक्क 'हजार येनची भिंत' म्हणतात. सुशीला वाटेल तेवढे पैसे देतील हो, पण रामेन स्वस्तच पाहिजे.

तर तिकीट घेतलं की आत एक बोर्ड, त्यावर दिवे, कुठली खुर्ची रिकामी ते त्यावरून कळतं. आपण आपलं जाऊन बसायचं. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, समोर खिडकीएवढी जागा आणि तिला बांबूचा पडदा, शेजारी पाण्याचा नळ आणि पेला. शेजारी कोण बसलंय ते दिसत नाही, आपण त्याला दिसत नाही. १९९३ पासून त्यांच्याकडे ही अशी बसायची सोय आहे आणि कंपनीचं म्हणणं असं की माणसाचं लक्ष चवीवर राहावं म्हणून हे केलंय. असेल. मला विचाराल तर माझं लक्ष चवीपेक्षा आधी या गोष्टीवर जातं की मी एकटी आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाहीये. आपल्याकडे बाई एकटी हॉटेलात शिरली की वेटर आधी तिच्या मागे बघतो, अजून कुणी येतंय का, मग "एकच?" असं म्हणून चार खुर्च्यांच्या टेबलावर बसवतो आणि तिथे आपण उगाच मोबाइलमध्ये डोकं घालून आपल्याला काहीतरी महत्त्वाचं काम आहे असं दाखवत बसतो. इथे ते नाटक करायला लागत नाही. (दोघं आलात तर मधली फळी दुमडता येते, पण मी फार लोकांना दुमडताना बघितलेलं नाही.)

मग फॉर्म भरायचा. हो, चक्क कागदी फॉर्म आणि पेन. सूपची चव सौम्य की कडक, चरबीचा तवंग किती, लसूण अजिबात नको की थोडा की अर्धी पाकळी की अख्खी, कांद्याची पात हिरवी की पांढरी, पोर्कचे काप हवेत की नकोत, तो लाल तिखट मसाला किती आणि नूडल किती कडक. गोल करायचे आणि द्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला इतक्या बारकाईनं विचारलं की बाई तुला नक्की काय पाहिजे, आणि तेही तोंडानं उत्तर द्यायला न लावता! माझा नवरा कोल्हापूरचा, त्यानं ती तिखटाची ओळ बघितली, तिथे नेहमीच्या किती पट तिखट हवं तो आकडा लिहायची जागा असते, झालं, त्याला तो गावाच्या इज्जतीचा प्रश्न वाटला आणि त्यानं दहा लिहिलं. खाताना फळीपलीकडनं फक्त नाक ओढल्याचे आवाज येत होते. नंतर म्हणाला, काही विशेष नाही, आमच्याकडे लहान पोरं खातात एवढं.

बाऊल येतो तो क्षण मला फार आवडतो. पडदा थोडा वर असतो, त्याच्याखालून दोन हात येतात, मनगटापर्यंतच दिसतात, बाऊल अलगद पुढे सरकवतात, पलीकडचा माणूस कमरेत वाकतो तेव्हा त्याच्या डोक्याचा वरचा भाग तेवढा दिसतो, काहीतरी आदरानं बोलतो आणि पडदा खाली. चेहरा नाही. समोर राहतं ते पांढरट सूप, मधोमध लाल मसाल्याचा गोळा, बाजूला पातीचे हिरवे तुकडे आणि काठाशी हळूहळू पसरत जाणारा तेलाचा तवंग. मी आधी लाल गोळ्याला हात न लावता कडेचं सूप पिते, मग थोडा थोडा मसाला विरघळवत जाते, त्यामुळे शेवटापर्यंत चव बदलत राहते. अंडं सांगितलं असेल तर ते सालासकट वेगळं येतं, आपणच सोलायचं. मला त्या अंड्याचं कौतुक वाटतं, आतला बलक पूर्ण शिजलेला नसतो आणि तरी वाहून जात नाही.

हे पांढरं सूप म्हणजे तोनकोत्सु, डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून केलेलं. मंद आचेवर ठेवलं तर सूप नितळ राहतं, पण जोरात उकळलं की हाडांमधलं कोलॅजन आणि चरबी पाण्यात एकजीव होते आणि दुधासारखा रंग येतो. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात १९३७ मध्ये एका गाड्यावर तोनकोत्सुची सुरुवात झाली म्हणतात, पण तेव्हा सूप तसं नितळच होतं, आणि हे पांढरं सूप १९४७ मध्ये त्याच गावातल्या दुसऱ्या गाडीवाल्याच्या हातून चुकून झालं, भांडं आचेवर राहिलं आणि जास्त उकळलं. फेकून न देता त्यानं चव घेऊन बघितली म्हणून आज आपण इथे बसलोय.

नूडल मात्र बारीक, सरळ, आणि इथे मला फुकुओकाची खरी गंमत वाटते. तिथे नागाहामा नावाचा भाग आहे, मासळी बाजाराचा, आणि पहाटेच्या लिलावातल्या माणसांना बसून जेवायला वेळच नसायचा. जाड नूडल शिजायला वेळ लागतो म्हणून बारीक आली. पण बारीक नूडल गरम सूपमध्ये बघता बघता मऊ पडते, त्यामुळे एकदम भरपूर द्यायची सोय नाही. मग काय, थोडी द्यायची, ती संपवायची आणि उरलेल्या सूपमध्ये नुसती नूडल पुन्हा मागायची. हे म्हणजे काएदामा. नागाहामातलं १९५२ साली सुरू झालेलं एक दुकान याचं मूळ मानतात. आता फुकुओकात माणसं नूडलचा कडकपणासुद्धा नावं घेऊन मागतात, काता म्हणजे कडक, बारीकाता म्हणजे फारच कडक, हारीगाने म्हणजे तार, आणि अगदी टोकाचा कोनाओतोशी, म्हणजे गरम पाण्यात नुसतं पीठ झटकून घ्यायचं की झालं. तो प्रकार मी खाल्लाय. कच्च्या कणकेची आठवण ज्यांना येत असेल त्यांनी जरूर खावा.

इचिरानमध्ये काएदामासाठी ओरडायलाही लागत नाही. एक छोटी पाटी मिळते, ती समोरच्या बटणावर ठेवायची, की चारुमेराची धून वाजते. चारुमेरा म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य, पूर्वी रात्री गाडी ओढत रामेन विकणारे ते वाजवत गल्लीतनं जायचे. धून वाजली, पडद्याखालनं हात आला, पाटी घेऊन गेला, नूडलची बशी आली. कुणी "अरे वा, आवडलं वाटतं!" म्हणालं नाही. असं सांगतात की हे सगळं करण्यामागे एक कारण बायकांचं होतं, चारचौघांत अजून नूडल मागायला त्यांना संकोच वाटायचा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातल्या सगळ्या बायका आठवल्या, ज्या शेवटी बसायच्या आणि पातेल्यात काय उरलंय ते बघून मग आपली भूक किती ते ठरवायच्या. त्यांना कुणी आग्रह करायचं नाही बरं का, आग्रह करायचं काम त्यांचं होतं. आईला एकदा या फळ्यांच्या मध्ये बसवून ती पाटी हातात द्यायची माझी फार इच्छा आहे. (आई पोर्क खाणार नाही, ही त्यातली मोठी अडचण. शिंजुकुत त्यांची एक पोर्क न वापरणारी शाखा आहे, कोंबडीच्या सूपची, तिथे नेईन.)

आणि आवाज! लहानपणी आमटीचा भुरका मारला की बाबा नुसतं बघायचे आणि तेवढं पुरायचं. इथे तो आवाज करायचाच असतो, ओढताना नूडलबरोबर हवा आत जाते, भाजत नाही, आणि सूपचा वास नाकापर्यंत पोचतो. सुरुवातीला मला जमायचंच नाही, संस्कार आडवे यायचे. पण फळ्या असतात ना, आपल्याला कुणी बघत नाही म्हटल्यावर माणूस लवकर सुधारतो.

शाकाहारी मंडळींचे इथे हाल आहेत हे आधीच सांगून ठेवते, कारण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. नुसते पोर्कचे काप काढले म्हणून रामेन शाकाहारी होत नाही, अख्खं सूपच हाडांचं असतं, आणि जिथे हाडं नाहीत तिथे बहुतेक वेळा सुकवलेल्या माशांचा अर्क असतोच. वहिनी आल्या तेव्हा त्यांना टोकियो स्टेशनमध्येच टीज तानतानला नेलं, तिकडे तिळाचं व्हेगन रामेन मिळतं, पण दुकान गेटच्या आत आहे म्हणून ट्रेनचं तिकीट काढूनच जावं लागतं. वहिनींनी बाऊल पूर्ण संपवला आणि विचारलं, की यात आणि टॉप रामेनमध्ये फरक काय. हसू नका. निस्सिन ही तीच कंपनी, मोमोफुकु आंदोंनी १९५८ साली पहिलं इन्स्टंट रामेन काढलं ती, आणि भारतात टॉप रामेन विकणारीही तीच, त्यामुळे आमच्या पिढीला हे नाव आधी पाकिटावरच भेटलं. फरक काय ते मी सांगायला गेले, पण तोवर त्या फोनवर भाऊंना तिळाचं सूप समजावून सांगत होत्या.

सूप पूर्ण प्यायचं की नाही यावर मात्र माझं अजून ठरत नाही. मीठ भरपूर असतं, इथले बरेच लोक तब्येतीच्या नावानं सूप सोडतात. आणि इचिरानवाले इतके चतुर, की बाऊलच्या तळाला लिहून ठेवलंय, हा शेवटचा थेंब म्हणजे सर्वोच्च आनंद. ते वाचायचं तर सगळं प्यायलाच पाहिजे. आग्रह नाही करत म्हणाले ना मी, तर हा बघा, तळाशी लपवून ठेवलाय!

खाऊन झालं की उठायचं, बाहेर लोक उभे असतात. गप्पा, बडीशेप, बिलावरून भांडण, काही नाही. गेल्या वेळी मी बाहेर आले तर नवरा आधीच बाहेर उभा होता. शेजारी शेजारी बसून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो आणि बाहेर आल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली ती म्हणजे, "लसूण किती टाकलास?" अर्धी पाकळी, मी म्हटलं. तू? थोडासाच, म्हणाला. मग आम्ही यामानोते लाइनच्या त्या गच्च भरलेल्या डब्यात शिरलो, दार बंद झालं आणि त्यानं खिशातनं मास्क काढून तोंडावर चढवला, तेव्हा मला कळलं की अख्खी होती.