ग्रिप, सिलिंडर आणि येऊ घातलेलं ‘600’

या महिन्यात नेमबाजीपेक्षा सुतारकामच जास्त झालं. माझं वाल्थर एलपी 400 (जर्मन कंपनीचं 10 मीटर एअर पिस्तूल) सेकंडहँड, त्यामुळे लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, आधीच्या मालकाच्या हाताची. करंगळीखाली पोकळी राहायची. पहिले चाळीस शॉट बरे जायचे, मग पिस्तूल तळहातात हळूच फिरायचं आणि पेलेट (छर्रा) दहाऐवजी नऊच्या घरात, खाली डावीकडे. शेवटी एम-सील मळून ती पोकळी भरली, हाताला पावडर फासून पकड घेतली आणि बोटांचा ठसा उमटू दिला. वाळल्यावर कानस, मग पॉलिश पेपर. उजव्या अंगाला फुगवटा आला होता, तो मुद्दाम जास्त उतरवला. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या तपासणी-पेटीत पिस्तूल ग्रिपसकट बसावं लागतं, आणि हाताने लिंपलेली ग्रिप अडते ती नेमकी त्या 50 वर. आता करंगळी बसते. शेवटच्या सिरीजमधला ग्रुप, म्हणजे शॉटचा झुबका, अजून सैलच आहे, पण सरकत नाही.

रेंजवर मात्र माझ्या ग्रिपचं कोणाला काही पडलेलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच: वाल्थर ‘600’ कधी काढणार? हिशोब साधा आहे. एलपी 300, मग 400, मग 500. रायफलीतही एलजी 300, 400, 500. म्हणजे पुढचा आकडा लहान पोरगंही सांगेल. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास न्यूरेंबर्गला आयडब्ल्यूए हे शस्त्रांचं प्रदर्शन भरतं, युरोपातल्या कंपन्या बरेचदा नवा माल तिथेच मांडतात. त्यामुळे हिवाळा लागला की आमच्याकडे तर्री-पोह्यांच्या प्लेटीबरोबर अंदाजही वाढले जातात.

एकाचं म्हणणं, वजन निम्म्यावर येईल. मी म्हटलं, हलकं करून करशील काय? 1500 ग्रॅम ही वरची मर्यादा आहे, बहुतेक पिस्तुलं आधीच तिच्या बरीच खाली आहेत आणि आपणच पुढे वजनं अडकवत बसतो. ट्रिगर 500 ग्रॅमच्या खाली नेता येत नाही, कॅलिबर 4.5 मिलिमीटरच राहणार. मग कंपनीच्या हाती उरतं काय? झटका शोषणारी यंत्रणा, वजन पुढेमागे सरकवायची सोय, ग्रिपचे कोन, आणि ट्रिगर.

माझी पैज ट्रिगरवर. मोरिनी कंपनीने ‘162’ मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिगर रुळवून किती वर्षं झाली. आता यांत्रिक ट्रिगर हाच ‘जुना पर्याय’ म्हणून विकला जाईल असं मला वाटतं. आमच्या ज्येष्ठ भाऊंना हे अजिबात पटत नाही. ‘बॅटरीवर कायले भरोसा ठेवता बे? मे महिन्यात या टिनाच्या शेडखाली माणूस बंद पडते!’ त्यावर कोणीतरी टोकियो ऑलिम्पिक काढतंच. तिथे पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि फायनल हुकली. 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे असतात, तिथे पाच मिनिटंही महाग. पॅरिसला 2024 मध्ये तिने त्याच प्रकारात कांस्य आणलं, हे भाऊंना सांगून उपयोग नाही.

(बाकी गंमत बघा. अंबाझरीला आयुध निर्माणी असलेलं आपलं नागपूर, आणि आपण अर्ध्या ग्रॅमच्या पेलेटसाठी जर्मनीकडे डोळे लावून बसतो.)

मला ‘600’ बद्दल एकच गोष्ट खरोखर जाणून घ्यायची आहे, आणि ती कोणी विचारत नाही: हवेच्या सिलिंडरचा आटा (जोडायचा थ्रेड) तोच राहणार का? पिस्तुलाला लावायच्या 200 बार दाबाच्या या नळीवर तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांची मुदत असते, आणि ती संपलेली नाही ना हे बघणं स्पर्धेत खेळाडूचीच जबाबदारी. माझ्या सिलिंडरची मुदत पुढच्या वर्षी भरते. आत्ता जुन्या मापाचा घेतला आणि उद्या आटा बदलला, तर पिस्तूल बदलताना हाही भंगारात. थांबलो, तर मधल्या स्पर्धांना उसना मागत फिरायचं.

भाऊ म्हणतात, घेऊन टाक. मीही तिकडेच झुकलोय. नवं मॉडेल प्रदर्शनात दिसलं तरी इथे पोचेपर्यंत आयात, परवानग्या आणि डीलरची ‘पुढच्या लॉटमध्ये’ यांत आणखी एक पावसाळा जाईल. शिवाय पहिल्या लॉटचं पिस्तूल घेणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्यांना वर्षभर वापरू द्यावं, तक्रारी ऐकाव्यात, मग बघावं.

तोवर अंगठ्याखालची कड अजून टोचते, ती उतरवायची आहे. झाली की टार्गेटचे फोटो टाकतो. ‘500’ वापरणारं कोणी असेल तर ग्रिपचा कोन किती अंशांवर ठेवलाय, तेवढं सांगा.