तिरकं बघायचं

मला तिथे जायचंच नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "आमच्या काकूंकडे एक खोली रिकामी आहे. इथे रडतेस ते तिथे जाऊन रड." सहा वर्षांचं नातं एका फोनवर संपलं होतं. निघाले.

बसने फाट्यावर सोडलं, तिथून पाऊण तास चालत. नोव्हेंबर होता, शेतं कापून झालेली. पहिल्या दोन दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही, झोपले. गावाकडच्या शांततेचं वर्णन करणारे तिथे कधी राहिले नसावेत. पहाटे चारला कोंबडा, मग पाण्याचा पंप, मग काकू.

रेंज फक्त गच्चीवर. त्यामुळे रोज रात्री मी वर जायचे आणि 'त्याचं' लास्ट सीन बघत बसायचे. तिसऱ्या रात्री अंधारातून आवाज आला, "तो मोबाईल जरा झाकता का? माझी वीस मिनिटं फुकट गेली."

काकूंचा पुतण्या. चटईवर उताणा, छातीवर दुर्बीण, बॅटरीच्या काचेवर रबरबँडने बांधलेला लाल जिलेटीनचा कागद. मला रागच आला. गच्ची काय याच्या एकट्याची? मग त्याने समजावून सांगितलं. अंधारात बाहुली लगेच मोठी होते, पण दृष्टिपटलातलं रोडॉप्सिन, म्हणजे मंद उजेड टिपणारं द्रव्य, सावकाश भरतं, डोळा नीट सरावायला वीस-तीस मिनिटं तरी जातात. पांढरा उजेड पडला की पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेड त्याला फारसा बाधत नाही, म्हणून तो कागद.

मी दर दहा मिनिटांनी स्क्रीन उघडत होते. मोबाईल पालथा ठेवला, थोडा जोरातच.

अर्ध्या तासाने शर्मिष्ठा तारकासमूहातून जाणारा आकाशगंगेचा पट्टा दिसायला लागला. आधी मला तो ढग वाटला होता.

"देवयानी दीर्घिका दाखवू? आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा." शर्मिष्ठेच्या 'एम'मधला जास्त टोकदार कोन जिकडे रोखलेला आहे, तिकडे त्याने बोट केलं. मला काहीच दिसेना. "सरळ बघू नका. किंचित बाजूला बघा, तिरकं." नजरेच्या ऐन मध्यावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशी नसतातच म्हणे, त्या आजूबाजूला असतात. बघितलं तिरकं. बोटाने पुसल्यासारखा एक धुरकट ठिपका, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवरचा. सरळ बघितलं की गायब.

"कचाने नाही म्हटल्यावर हिने त्याला शाप दिला होता ना?" मी म्हटलं. "विद्या फळणार नाही म्हणून. मला तेवढंही सुचलं नाही. लांबलचक मेसेज पाठवला फक्त."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तीन पाठवले होते."

त्यापुढे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

आठ दिवसांचे पंधरा झाले. रडणं थांबलं असं मुळीच नाही. दहाव्या दिवशी विहिरीवर कपडे धुताना 'त्याचा' जुना टी-शर्ट हाताला लागला (तो मी का आणला होता, देव जाणे) आणि पंप सुरू होईपर्यंत तशीच बसून राहिले. पण लास्ट सीन बघायला विसरले होते, हे रात्री जेवताना आठवलं.

पौर्णिमा जवळ आली तसं चांदणं इतकं वाढलं की तिरकं बघूनही देवयानी सापडेना. दुर्बीण खालीच राहायची. तरी आम्ही दोघं वर जायचो. काकूंनी एकदा विचारलं, "एवढ्या उजेडात काय दिसतं रे?" त्याने गुरूचं नाव सांगितलं.

निघाले त्या दिवशी तो फाट्यापर्यंत आला. बस आली तेव्हा म्हणाला, "पोचलात की..." थांबला. "पोचलीस की कळव."

मी खिडकीतून हो म्हटलं. बस बरीच पुढे गेल्यावर लक्षात आलं, पंधरा दिवस गच्चीवर मोबाईल पालथा होता, त्याचा नंबर मी घेतलाच नव्हता. घरी पोचल्यावर काकूंना फोन केला. त्यांनी नंबर दिला, पण आधी दोनदा विचारलं, कशाला हवाय म्हणून.